पायरीवरचा पटका

हैबतीनं ट्रंकेतला धुतलेला पटका बाहेर काढला, तेव्हाच बयाबाईला कळलं की म्हाताऱ्याच्या मनात काय आहे. एरवी भोरच्या बाजाराला तो डोक्याला टॉवेल गुंडाळून जायचा. पटका निघायचा तो लग्नाला, मयताला, नाहीतर वाघजाईच्या पायरीला. आणि आज तर जायचं होतं कोर्टात.

"अवो, कोर्टात पटका कशाला?" तिनं विचारलंच.

"मिरवायला नेत न्हाई," हैबती म्हणाला. "उतरवून ठेवायला नेतोय."

बयाबाईनं पुढे काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. नवरा मोठ्यानं बोलत असला की त्याच्याशी वाद घालता येतो, हळू बोलायला लागला की नाही. तिनं भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली, शेजारणीला शेरडांवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि म्हाताऱ्याच्या मागून एसटीच्या फाट्याकडे उतरायला लागली.

शिंगटेकचा धनगरवाडा म्हणजे भोर तालुक्याचं पार टोक. मागचा डोंगर चढून पलीकडे उतरलं की वेल्ह्याची हद्द. माथ्यावर पाऊस वेड्यासारखा पडतो आणि पाणी मात्र एक थेंब थांबत नाही. उन्हाळ्यात वरचं टाकं आटलं की माणसं, गाई, शेरडं सगळ्यांनी खालच्या झऱ्यावर उतरायचं. ती वाट कुणी पाडलेली नव्हती, खुरांनीच पडली होती. हैबतीचा आजा त्या वाटेनं उतरला, बाप उतरला, आणि लग्न होऊन आलेली बयाबाई पहिल्याच दिवशी हंडा घेऊन त्याच वाटेवर घसरली होती. त्यावरून हैबती तिला अजून चिडवायचा.

मग पुण्याच्या कुणा साहेबांनी झऱ्यासकट तो सगळा उतार विकत घेतला. भोवती तारेचं कुंपण आलं, लोखंडी गेट आलं, गेटावर पाटी आली. पाटीवर रागीट कुत्र्याचं चित्र होतं. कुत्रं आणलं नव्हतं, पण राखणदार आणला होता. आणि राखणदार कोण, तर सोनबा.

सोनबा म्हणजे पलीकडच्या, वेल्ह्याच्या अंगाच्या धनगरवाड्यातला. हैबतीच्या बरोबरीचा. दोघांनी मिळून शेरडं राखली होती, करवंदं खाऊन जिभा काळ्या केल्या होत्या, आणि झऱ्याच्या कडेला उपडं पडून गुरांसारखं तोंड लावून पाणी प्यायले होते. कोण जास्त वेळ पितो अशी पैज लागायची. सोनबा नेहमी हरायचा, कारण त्याला मधेच हसू फुटायचं.

आता त्याच सोनबाच्या डोक्यावर पटक्याच्या जागी निळी टोपी होती आणि टोपीवर प्लॉटचं नाव होतं. उन्हाळा चढला. वरचं टाकं आटलं. हैबतीची शेरडं कुंपणापाशी येऊन थांबली. पाण्याचा वास येत होता आणि पाणी मिळत नव्हतं. शेरडू अशा वेळी जे ओरडतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. सोनबानं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो गेटाजवळच्या आपल्या खोलीत गेला, पक्कड घेऊन आला, आणि जिथं जुनी वाट कुंपणाला भिडत होती नेमक्या तिथली तार त्यानं काडकन कापली.

"सोनबा, काय करतुयास गड्या?" हैबतीनं विचारलं.

"गप पानी पाज," सोनबा म्हणाला. "बापजाद्याची वाट हाय."

पुढच्या आठवड्यात साहेबांचा मॅनेजर आला. त्यानं कापलेली तार पाहिली, झऱ्याभोवतीच्या लेंड्या पाहिल्या. लेंड्या काही खोटं बोलत नाहीत. कुणी कापली, असं त्यानं दरडावून विचारलं, आणि सोनबाची बोबडी वळली. त्याची बायको अंथरुणावर, पोरगा शहरात जाऊन बापाला विसरलेला, आणि घरात येणारा पैसा तो काय या टोपीचा. त्याच्या तोंडून नाव निघून गेलं, "हैबतीनं."

झालं. तक्रार झाली, पोलीस वर येऊन गेले. दुसऱ्याच्या हद्दीत शिरला आणि नुकसान केलं, असा गुन्हा लागला. पोलिसांनी विचारलं तेव्हा हैबती काही बोलला नाही, नुसता झऱ्याकडे बघत राहिला. काही महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं. हैबतीचा मुलगा सोमेश्वर कापूरहोळच्या गॅरेजात कामाला. मॅनेजर गाडी घेऊन तिकडून जायचा, त्यानं त्याला गाठून सांगितलं, "म्हाताऱ्याला म्हणावं कबूल कर. किरकोळ दंड होईल, विषय संपेल." सोमेश्वरानं फोन करून बापाला तेच सांगितलं. बापाला निराळं सांगायची गरजच नव्हती. त्याचं आधीच ठरलेलं होतं.

एसटी धरणाच्या काठाकाठानं भोरकडे निघाली. हैबती खिडकीला डोकं टेकून बसला होता. याच खोऱ्यातून तो आणि सोनबा लोण्याची मडकी डोक्यावर घेऊन भोरच्या बाजाराला पायी यायचे. तेव्हा अंगात काय दम होता! पहाटे निघायचं, वाटेत नदीवर अंघोळ करायची, मडकं सावलीत ठेवायचं नाहीतर लोणी वितळायचं. बाजार झाला की दोघांत एक शेवेची पुडी. परत येताना सोनबा गाणी म्हणायचा, इतकी बेसूर की वाटेवरची गुरं मान वर करून बघायची. आता ती नदीकाठची वाट पाण्याखाली गेलीय, आणि वरून एसटी जाते तरी कुणाला तिची याद येत नाही. हैबतीला ती आली आणि तो पाण्यात ती वाट शोधत राहिला.

"पानी पेता?" बयाबाईनं विचारलं.

"नगं."

मग त्याला बाप आठवला, आणि वाघजाईची पायरी.

शिंगटेकला भांडण झालं, चोरी झाली, कुणाचं जनावर कुणाच्या नाचणीत घुसलं, तर पोलीस-पाटील कुणी करत नसे. सगळा वाडा वाघजाईपाशी जमायचा. ज्याच्यावर आळ असेल त्यानं डोक्यावरचा पटका उतरवून देवीच्या पायरीवर ठेवायचा आणि एवढंच म्हणायचं, "चुकलं." ज्याचं नुकसान झालं त्यानं तो पटका उचलून त्याच्या डोक्यावर परत ठेवायचा. मग सगळ्यांनी मिळून दूधभात खायचा. पटका उचलला की वाद मेला. त्यानंतर त्यावर जो बोलेल तो वाड्याचा नाही.

हैबती लहान असताना शेजारच्या घरचा एक खोंड गायब झाला होता. आळ आला हैबतीच्या बापावर. बापानं खोंडाला हात लावला नव्हता हे पोराला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी तो बापाबरोबरच होता. तरी बापानं पटका काढला, पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "चुकलं." पोरगं रडकुंडीला आलं. बाप त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ज्यानं नेला त्याच्या घरात दूध न्हवतं रं. त्यो म्हनला असता तर मेला असता. आपुन म्हनलो तर काय, दूधभात खाऊ."

पुढल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या दाराशी एक कालवड बांधलेली दिसली. कुणी बांधली ते बापानं विचारलं नाही. त्या कालवडीचा वंश अजून हैबतीच्या गोठ्यात होता.

म्हणून हैबतीला आज मुळीच भीती वाटत नव्हती. सोनबाच्या घरात दूध नव्हतं, एवढंच त्याला दिसत होतं. जायचं, पटका ठेवायचा, चुकलं म्हणायचं. जग बदललं असेल, पण चुकलं म्हणणाऱ्याला कुठलंही जग जवळच करणार, असं त्याला मनापासून वाटत होतं.

भोरच्या कोर्टात ही गर्दी. कुणी जमिनीच्या वाटणीला आलेलं, कुणी नवऱ्याकडून पोटगी मागायला. व्हरांड्यात, खांबाआड, निळी टोपी दिसली. सोनबा होता. मॅनेजरनं त्याला पाठवलं होतं, म्हातारा कबूल करतो का ते बघून ये म्हणून. दोघांची नजरानजर झाली आणि सोनबानं मान खाली घातली.

शिपायानं नाव पुकारलं. हैबती आत गेला. आरोपीला उभं राहायला लाकडी पिंजरा होता आणि पिंजऱ्याला चढायला एक पायरी होती. पायरी बघून हैबतीला बरं वाटलं. त्यानं वाकून नमस्कार केला, पटका उतरवला, नीट गोल करून त्या पायरीवर ठेवला, आणि बोडक्या डोक्यानं हात जोडून उभा राहिला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

न्यायाधीश सोमेश्वरापेक्षाही लहान वयाचे होते. ते मात्र हसले नाहीत. "हे काय आहे, आजोबा?"

"आमची रीत हाय, साहेब. तुमी इचारा, म्या म्हनतो."

"मी अजून विचारलं नाही. तुमचे वकील कोण आहेत?"

"वकील न्हाई. दोन सबूद बोलायला वकील कशाला?"

न्यायाधीशांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही काय बोलणार आहात ते मला दिसतंय. पण त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला कळल्याशिवाय मी ते लिहून घेणार नाही. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार देतं, फुकट. तो तुमचा हक्क आहे. आज दुपारपर्यंत त्यांच्याशी बोला. जेवणानंतर मी पुन्हा विचारेन." मग पायरीकडे हात करून ते म्हणाले, "आणि पटका डोक्यावर ठेवा. इथे कुणाला तो उतरवायला लागत नाही."

हैबतीनं पटका उचलला खरा, पण तो गांगरून गेला. पायरीवर ठेवलेला पटका त्यानं आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं उचलला नव्हता.

फुकट वकील मिळण्याची खोली आवारातच एका कोपऱ्यात होती. तिथून त्याला एक बाई मिळाल्या, प्रेरणा शिळीमकर. शिळीमकर म्हणजे वेल्ह्याकडचंच नाव, हे ऐकून बयाबाईचा जीव थोडा भांड्यात पडला. वकीलबाईंनी त्या दोघांना बाहेर झाडाखाली नेलं आणि स्वतः पाराच्या कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसल्या.

"बाबा, मघाशी काय म्हणणार होतात?"

"चुकलं म्हननार हुतो."

"तार तुम्ही कापलीत?"

"न्हाई."

"मग चुकलं कसं?"

हैबतीला हसू आलं. "चुकलं म्हनायला चुकावं लागतंय व्हय, ताई?"

बाईही हसल्या. कुणी कापली, असं त्यांनी विचारलं. हैबती झाडाच्या मुळाकडे बघत गप्प राहिला. नजर मात्र चुकून व्हरांड्यातल्या खांबाकडे गेली. बाईंनी ती नजर पाहिली असेल, पण तिकडे वळून बघितलं नाही.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मला सांगितलंत तर ते माझ्यापाशीच राहील, पण तेही सांगायची सक्ती नाही. कोर्टात तर नाहीच. तार तुम्ही कापली हे सिद्ध करायचं काम त्यांचं आहे. तुम्ही कापली नाही हे दाखवायचं, किंवा कुणी कापली ते हुडकून द्यायचं काम तुमचं नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून कुणी तुम्हाला गुन्हेगार म्हणू शकत नाही."

"गप ऱ्हायाचा बी हक्क असतोय?" हैबतीनं विचारलं. हे त्याला फारच नवल वाटलं. तो जन्मभर गप्पच राहत आला होता, आणि ती सरकारनं दिलेली गोष्ट आहे हे त्याला आज कळत होतं.

"असतो."

"पर मग भांडान मिटायचं कसं, ताई? म्या चुकलं म्हनलो की मिटतंय. मॅनेजर बी तेच म्हनला. थोडा दंड भरायचा, सुटायचं."

"माझ्या आजोबांच्या गावातही पायरी होती," बाई म्हणाल्या. "भैरोबाची. मी लहानपणी पाहिलंय. एक विचारू? तुमच्या पायरीवर कोण कोण असायचं?"

"समदा वाडा."

"खरं काय झालंय ते त्यांना ठाऊक असायचं?"

खोंडाच्या वेळची ती सगळी माणसं हैबतीच्या डोळ्यांपुढे आली. बापानं पटका ठेवला तेव्हा म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्याला लावला होता. दूधभात वाढताना बापाच्या ताटात सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त दूध पडलं होतं. तेव्हा पोराला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता साठ वर्षांनी, भोरच्या कोर्टाच्या आवारात, त्याला त्याचा अर्थ लागला.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "समद्यास्नी ठाऊक असायचं."

"इथे कुणाला ठाऊक आहे?"

हैबतीची नजर आवारातल्या अनोळखी तोंडांवरून फिरली.

"तिथं तुम्ही चुकलं म्हणालात की गोष्ट संपायची," बाई म्हणाल्या. "इथे ती तिथून सुरू होते. कबूल म्हणालात की कोर्ट एवढंच धरणार, की तुम्ही परक्याच्या जमिनीत घुसलात आणि तार तोडलीत. दंड झाला तरी तुमच्या नावावर गुन्हा लागतो. आणि उद्या वाड्यातलं कुणी म्हणालं की ही आमची जुनी वाट आहे, तर साहेबांची माणसं हाच कागद पुढे टाकतील. म्हणतील, तुमच्याच म्हाताऱ्यानं कबूल केलंय की वाट तुमची नव्हती."

आता बयाबाई बोलली. "पटका तुमचा हाय. तुमी कुठं बी ठेवा. वाट तुमची एकल्याची न्हाई."

हैबतीनं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, फडक्याची गाठ सोडत होती. त्याला तो हंडा आठवला, ती घसरलेली नवी नवरी आठवली, आणि चिडवायला तोंडात आलेलं सगळं तिथंच विरून गेलं.

"मंजे आता वैरच धरायचं का समद्यांशी?" त्यानं विचारलं.

"नाही. नुसतं कबूल नाही म्हणायचं. मग त्यांना साक्षीपुरावे आणावे लागतील, त्यांच्या माणसांना मी प्रश्न विचारेन. ते चालू असताना साहेबांना वाटलं तर तडजोडही होऊ शकते. या गुन्ह्यात कोर्ट तशी मुभा देतं. समोरासमोर बसायचं, वाटेचं काय ते ठरवायचं."

"मंजे पायरीच की."

"पायरीच. फक्त खाली मान घालून नाही, बरोबरीनं बसून." बाई उठल्या. "आणि एक सांगते, त्यांच्या साक्षीदाराशी या खटल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही फोडलंत म्हणतील."

हैबतीनं भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. नाही म्हणणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी वाघजाईच्या पायरीशी उभं राहून पाहावं. त्याच्या घराण्यात आजवर कुणी 'म्या न्हाई' म्हटलं नव्हतं. ते भेकडाचं बोलणं, अशी शिकवण होती. बाप असता तर काय म्हणाला असता, हे तो विचारत राहिला, आणि बाप काही उत्तर देईना.

दुपारी पुन्हा नाव पुकारलं. या वेळी हैबती पटका घातलेलाच पिंजऱ्यात चढला. मागच्या भिंतीशी सोनबा उभा होता, टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. न्यायाधीशांनी काय गुन्हा लागलाय ते सोप्या मराठीत वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला समजलं?"

"समजलं."

"गुन्हा कबूल आहे का?"

हैबतीचा हात सवयीनं पटक्याकडे गेला. त्याला सोनबानं पोटाशी धरलेली ती निळी टोपी दिसली, आणि त्याच्या घरातलं रिकामं भांडं दिसलं. मग झऱ्याकडे जाणारी ती खुरांची वाट दिसली. वाटेवर सगळी होती, आजा, बाप, नवी नवरी, आणि उपडं पडून पाणी पिता पिता हसणारा सोनबासुद्धा. हात पटक्यावरून खाली आला.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "कबूल न्हाई."

सरकारी वकील उठले. "मग कापली कुणी? तार काय आपोआप तुटली?"

शिळीमकर वकीलबाई उभ्या राहिल्या, पण त्यांच्या आधी न्यायाधीशच बोलले. "याचं उत्तर द्यायची आरोपीवर सक्ती नाही."

"व्हय," हैबती म्हणाला. "म्या गप ऱ्हातो. माजा हक्क हाय त्यो."

पुन्हा कुणीतरी हसलं, पण या वेळी ते हसणं निराळं होतं. तारखेला हजर राहीन, असा जातमुचलका त्यानं अंगठा उठवून लिहून दिला. पुढची तारीख पडली. बयाबाईनं विचारलं, "सुटलो का?" वकीलबाई म्हणाल्या, "अजून नाही आजी, पण अडकलो पण नाही."

दोघं बाहेर आली. कोर्टाच्या दगडी पायऱ्या उतरताना हैबतीचे गुडघे कुरकुरत होते. खाली सोनबा उभा होता. जवळून तो फार म्हातारा दिसत होता. आपणही असेच दिसत असणार, हे हैबतीच्या ध्यानात आलं.

सोनबा पुढे आला. त्यानं हातातली निळी टोपी झटकली आणि वाकून हैबतीच्या पुढ्यातल्या पायरीवर ठेवली.

"चुकलं," तो म्हणाला.

माणसं ये-जा करत होती. काळा कोट घातलेला एक वकील टोपी चुकवून पुढे गेला. हैबती कष्टानं वाकला, टोपी उचलली. फार हलकी होती ती, पटक्याचं वजन तिला कुठून असणार. त्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि ती सोनबाच्या डोक्यावर ठेवली. ठेवताना त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. बयाबाईनं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

"म्या आत जातो," सोनबा म्हणाला. "जज्जसाहेबाला सांगतो, म्याच..."

"थांब." हैबतीनं त्याची बाही घट्ट धरली. "तोंडातनं एक सबूद काडायचा न्हाई. माज्याम्होरं बी न्हाई. आदी वकील घे."

"मला कोन देतंय वकील?"

"सरकार देतंय. फुकट. आपला हक्क हाय त्यो. ती बग, कोपऱ्यातली खोली. माजी वकीलबाई माजी हाय, तुला दुसरा मिळंल. त्याला समदं सांग, आन् त्यो काय म्हनतोय ते निवांत ऐक. मग काय बोलायचं ते बोल."

सोनबा त्या खोलीकडे बघत राहिला. मग एकदाचा तो निघाला, आणि निघता निघता सवयीनं त्याचा हात डोक्याकडे गेला.

"टोपी काडू नगं," हैबती मागून म्हणाला. "हितं ती उतरवायला लागत न्हाई."

सोनबा टोपी घालूनच आत गेला. गावाकडची एसटी लागायला अजून वेळ होता, आणि नसता तरी हैबती हलला नसता. तो पायरीवर बसला. बयाबाईनं शेजारी बसून फडकं सोडलं, उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले, आणि त्यातला मोठा सोनबासाठी परत बांधून ठेवला.